खाऱ्या पाण्यातला निळा

कोसंबी
१० फेब्रुवारी २०२५

ती. मैनाबाईस,
धाकट्या दुर्गाचा नमस्कार.

फोनच करणार होते. पण तुझ्याकडचा फोन लॉजच्या बुकिंगचा. मागच्या वेळी "बाई, कशी आहेस?" असं विचारलं तर पलीकडून भाऊजी म्हणाले, "नमस्ते, कितने लोग हैं?" आणि आपल्या घरचा फोन बाबांच्या खिशात, बाबा तलावावर. म्हणून पत्र लिहून मुखरूभाऊंजवळ देते. ते तुमच्याकडे मासळी पोचवतातच. पत्र टोपलीत ठेवू नका असं बजावलं आहे. तरी वास आलाच तर तो माहेरचा समज.

बातमी तुला कळली असेल. तुझ्या सासूबाई मंगळवारी आल्या होत्या. तुझ्या दिराची, धनराजची, सफारीची जिप्सी दारात उभी राहिली तेव्हा अख्ख्या मोहल्ल्यातली पोरं तिच्यात जाऊन बसली. अंजनाबाई खाटेवर बसल्या आणि बाबांना म्हणाल्या, "मोठी देल्ली तशी धाकटीबी द्या, शालिकरामभाऊ. मैनानं घर कसं धरलं पाहा. तिची बहीण काय येगळी निघन?" मायने आनंदात चहात दोनदा साखर घातली.

त्यांनी आणखी एक सांगितलं, तुमच्या बैठकीत म्हणे समुद्र आहे. काचेच्या टाकीत खारं पाणी आणि त्यात जिवंत मासे. त्या गेल्यावर बाबा हसत सुटले. "मिठातली मासोळी मी सुकवलेली पाह्यली. जिती नाई पाह्यली."

साक्षगंध वैशाखात, तलाव ओढून झाला की, असं बोलणं झालं. म्हणजे तलावातला यंदाचा वाटा माझा शेवटचा. तुझं लग्न झालं त्या वर्षी बाबा नेहमीसारखे मासळीच्या ढिगांकडे पाठ करून, न पाहता नावं घ्यायला उभे होते. पंचांनी एका ढिगावर काठी ठेवून "हा कोणाचा?" विचारलं आणि बाबांच्या तोंडून सवयीने तुझंच नाव निघत होतं. जीभ चावली त्यांनी. दिल्या घरच्या लेकीला वाटा नसतो, आणि एकदा घेतलेलं नाव परत घेता येत नाही, ढीग ज्याच्या नावाने गेला त्याचा. म्हणून त्या दिवशी सगळेच जीभ सांभाळून असतात. बाबांनी पंचांना सांगून ठेवलं आहे की यंदा पाठ करून दुर्गा उभी राहील. शेवटचं वर्ष म्हणून.

आता खरं विचारायचं ते विचारते. घर कसं आहे? धनराज कसा आहे? मी बाबांना सांगितलं आहे, मैनाबाई हो म्हणाली तर माझं हो. ती नाही म्हणाली तर नाही. तेव्हा विचार करून लिही.

तुझी,
दुर्गा


मोहर्ली
१९ फेब्रुवारी २०२५

चि. दुर्गास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. टोपलीतच ठेवलं होतं त्यांनी, शिंगाडा मासोळीच्या पोटाखाली.

समुद्राचं विचारलंस. पाहुणे चपला न काढता येऊन बसतात त्या बैठकीत काचेची एक टाकी आहे, तोच आमचा समुद्र. पाणी आपल्याच बोअरचं. ते आधी मशीनमधून गाळायचं, मग पोत्यातलं मीठ घालून बादलीत ढवळायचं, मग एक नळी बुडवून पाहायचं की समुद्र झाला की नाही. हे कोण करतं ते सांगायला नको. लोक लांबून वाघ पाहायला येतात. वाघ दिसला नाही की तोंड पाडून टाकीपुढे उभे राहतात आणि माशाचे फोटो काढतात. कधी समुद्रावर गेले तर तिथे वाघ शोधत असतील.

दगडसुद्धा विकतचे आहेत. ओल्या कागदात गुंडाळून आले तेव्हा असा वास सुटला की एक कुटुंब खोली न घेताच परत गेलं. सासूबाई म्हणाल्या, "समुद्राचा वास असाच राह्यते." जशा काही दर रविवारी समुद्रावर जातात. त्या दगडांच्या भोकांतून केसाळ किडे निघतात. दिवा बंद केला की बाहेर येतात, लावला की आत पळतात. त्यांना पाहून माझं जेवण जात नाही. आणि टाकीच्या वायरीवर मीठ फुलून चढतं ते वेगळंच. रोज पुसा, रोज चढतं.

सगळ्यात घाण म्हणजे तो पेला. टाकीच्या मागे एक यंत्र आहे. ते पाण्यातली घाण घुसळून तिचा फेस करतं आणि तो फेस एका पेल्यात साठतो. तपकिरी, चिकट. तो रोज रिकामा करायचा. आपण तलावावरच्या लेकी, माशाच्या वासाला नाक मुरडलं तर माय चार घरं ऐकतील अशी बोलेल. पण हा वास माशाचा नाही गं. कोंडलेल्या पाण्याचा आहे. साबणाने जात नाही, लिंबाने जात नाही. त्याच हाताने मी कणीक भिजवते आणि पाहुणे बोटं चाटत म्हणतात, "गांव की रोटी का स्वाद ही अलग है." मला तेव्हा हसू येत नाही, शिसारी येते.

टाकीत सध्या एकच मासा आहे. निळा, बोटाएवढा. दुकानवाले त्याला डॅमसेल म्हणतात. दिसायला देखणा आहे, खोटं कशाला बोलू, मोराच्या मानेचा रंग आहे त्याचा. पण जात वाईट. सगळ्यात मोठ्या दगडाच्या भोकात राहतो आणि मी दाणे टाकायला हात घातला की येऊन बोटाला डसतो. ज्या हाताने खातो त्याच हाताला. एवढ्याशा जिवाचं लागत नाही काही, पण किळस येते.

घर चांगलं आहे. धनराज चांगला आहे, खर्रा खात नाही. हो म्हण.

तुझी,
मैनाबाई


कोसंबी
३ मार्च २०२५

ती. मैनाबाईस नमस्कार.

दोन पानं माशावर आणि दीड ओळ माझ्या नवऱ्यावर. मायने पत्र वाचून घेतलं माझ्याकडून. ती म्हणाली, "पाह्य, तिले माशाशिवाय दुसरी चिंताच नाई. किती सुखात आहे पोट्टी." मग तिने शेजारी जाऊन नीलाबाईंनाही सांगितलं. आता सगळ्या मोहल्ल्याला माहीत आहे की तुझ्याकडे एक डसका मासा आहे आणि दुसरं काही दुःख नाही.

बाबांनी मात्र एक प्रश्न विचारला. म्हणाले, त्या निळ्याला कापतात की नुसतं पाहतात? नुसतं पाहतात असं मी म्हटलं तर त्यांना ते पटलंच नाही. "बाकीच्या मासोळ्यांले जगू देत नाई, असा मरळ तलावात निघाला का आमी त्याले पह्यले तव्यावर घालतो. इथी त्याले दाणे चारून राह्यले."

तू हो म्हणालीस म्हणून बाबांनी होकार कळवला. एप्रिलमध्ये मी आणि रुखमा आत्या घर पाहायला येऊ. तू आहेस तिथे, मग मला भीती कसली? आपण लहानपणी पदर धरून झिंगे पकडायचो, तू एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. आता पुन्हा एका घरात राहू. खरं सांगू, धनराजपेक्षा मला याचाच आनंद जास्त आहे. त्याला सांगू नको.

तो बोलतो का गं काही? आला होता तेव्हा पूर्ण वेळ मोबाईलमध्ये वाघिणीचा व्हिडिओ पाहत होता.

तुझी,
दुर्गा


मोहर्ली
२८ मार्च २०२५

चि. दुर्गास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. होळीच्या सुट्ट्यांत लॉज भरलेलं होतं. आमच्या पाटीवर लिहिलंय "चुलीवरचं जेवण". गॅस आहे घरात, पण पाहुण्यांना चूल दिसली पाहिजे. टिनाखाली चूल, वर ऊन, आणि शहरातल्या बाया येऊन माझ्या शेजारी उकिडव्या बसून फोटो काढतात, मग डोळ्यांत धूर गेला की पळतात. बैठकीत एसी लावलाय. पाहुण्यांसाठी नाही, माशासाठी. पाणी तापलं तर तो मरेल. मागच्या आठवड्यात चुलीपुढे मला गरगरलं तर मी जाऊन टाकीपाशी जरा बसले. सासूबाई म्हणाल्या, "काऊन वं, मासोळी झाली का तू?" त्यावर तुझे भाऊजीही हसले.

पण तो तुझा विषय नाही. माशाचं सांगते.

चंद्रपूरहून अक्रमभाऊ येतात टाकी पाहायला. त्यांचं माशांचं दुकान आहे. माणूस भला आहे, माझ्याशी नीट बोलतो. टाकी मीच सांभाळते म्हणून सगळे नियम मलाच समजावून सांगतात, काय घालायचं, काय नाही घालायचं. यावेळी त्यांनी एक केशरी मासा आणला होता. नाजूक, पांढऱ्या पट्ट्यांचा. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्याची शेपूट कुरतडलेली. तिसऱ्या दिवशी तो पाण्याच्या नळीमागे अंग चोरून उभा होता आणि निळा त्याला तिथून हलूच देत नव्हता, खायलाही नाही. मग मेला. त्याला काढायचं काम माझंच. चिखलासारखा झाला होता, जाळीतून गळत होता. मी मोरीत जाऊन ओकले.

अक्रमभाऊंना मी विचारलं, असला दुष्ट मासा आधी आणलाच कशाला? ते म्हणाले, "भाभी, नवीन टाकीच्या पाण्यात जहर राहते. दिसत नाही. म्हणून पहले डॅमसेल सोडतो. सस्ता राहते, कडक राहते. तो जगला म्हणजे पानी बन गया. मग अच्छा मासा आणायचा."

"आणि तो मेला तर?"

"तो मग दुसरा डॅमसेल."

"आणि पाणी बनल्यावर त्याचं काय?"

"तोच तो लफडा आहे ना. ज्यानं जहर पचवलं, त्याले वाटते टाकी त्याचीच. दुसऱ्याले राहूच देत नाही."

पेला रिकामा करायचा होता तो तसाच हातात धरून मी उभी होते. वासाचंही भान राहिलं नाही.

आता पुढच्या महिन्यात ते एक मोठा पिवळा मासा आणणार आहेत. त्याआधी दगड हलवून ठेवायचे, म्हणजे निळ्याला आपलं घर कुठलं ते कळणार नाही आणि तो जरा नरमेल. पाहू.

मी आले तेव्हा सासूबाई माझ्या ताटातली भाजी उचलून परत भांड्यात टाकायच्या. आता नाही टाकत. पहिल्या उन्हाळ्यात चुलीपुढे पडले तर म्हणाल्या, सवय होईल. झाली सवय. तेव्हा तू काही मनात आणू नको, पहिलं वर्ष काढलं की सोपं जातं. तू आलीस की तो पेला मी तुझ्याकडे देणार आहे. मोठी जाऊ झाले ना मी आता.

धनराज बोलतो. आईशी बोलतो.

तुझी,
मैनाबाई


कोसंबी
२१ एप्रिल २०२५

मैनाबाई,

नमस्कार लिहायचा म्हणून लिहिते.

आम्ही घर पाहून परत आलो त्याला आठवडा झाला. मी लिहिणार नव्हते. पण तुझ्या सासूबाईंचा काल बाबांना फोन आला आणि आता मला गप्प राहवत नाही.

आधी त्या दिवसाचं. मी बैठकीत आले तेव्हा अक्रमभाऊ नुकतेच पिवळा मासा सोडून गेले होते. इतका सुंदर मासा मी पाहिला नव्हता. तुझ्या सासूबाई ताट घेऊन आल्या, हळद, कुंकू, अक्षता. म्हणाल्या, "आपण तलावात मासोळीचं बीज सोडतो तवा पूजा करतो का नाई? मंग इथीबी करू. नव्या सुनंच्या हातानं होऊ दे." आपल्या तलावात हळदकुंकू मीच टाकते दरवर्षी, मला त्यात नवल वाटलं नाही. पण एवढीशी टाकी, एवढं स्वच्छ पाणी. माझा हात थांबला. मी तुझ्याकडे पाहिलं.

तू दारात उभी होतीस. तू म्हणालीस, "टाक ना वं, पाहून काय राह्यली?"

आवाज तुझा नव्हता, बाई. हुबेहूब अंजनाबाईंचा होता. मी टाकलं, चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू. मग जेवायला बसलो तेव्हा तू मला सगळ्यांदेखत उठवलंस, "हात धुऊन पोया वाढ, आतापासून शिक." आत्याच्या ताटातला घास तसाच राहिला. आणि निघताना तू मला मागे नेऊन तो पेला दाखवलास, धर म्हणालीस, मी धरला. माझ्या हाताला तो वास दोन दिवस होता. मायने भाजीला हात लावू दिला नाही.

आता कालचं. अंजनाबाई बाबांना म्हणाल्या, "तुमच्या पोट्टीनं मूठभर कुंकू टाकलं आन् आमचा पिवळा मासा मेला. दगडावरचे जीवबी मेले. पण आमी पोटात घालतो. साक्षगंध ठरल्या दिवशीच करू. तुमी फक्त मानपानाचं नाव काढू नका." बाबा "हो, हो" म्हणत होते. तलावावर कुणापुढे न वाकणारा माणूस उभ्याने मान खाली घालून हो हो म्हणत होता आणि माय पदराने डोळे पुसत होती. मला त्या फोनची, त्या आवाजाची, सगळ्याची घाण वाटली.

मूठभर कोणी सांगितलं? मी चिमूट टाकली हे पाहणाऱ्या आपण चौघीच होतो.

आणि दुसरं. अक्रमभाऊ सगळे नियम तुलाच सांगतात असं तूच लिहिलं होतंस. पाण्यात हळदकुंकू चालत नाही हे तुला माहीत होतं का?

एवढंच लिही. बाकी काही नको.

दुर्गा


मोहर्ली
२७ एप्रिल २०२५

चि. दुर्गास,

माहीत होतं.

निळा आला तेव्हाही सासूबाईंनी ताट काढलं होतं. अक्रमभाऊंनी हात जोडले होते, अम्मा, यात काही नाही घालायचं, साबणाचा हातसुद्धा नाही. त्या विसरल्या असतील. मी विसरले नव्हते. तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हा माझ्या तोंडात "थांब" हाच शब्द होता. पण थांब म्हणायचं म्हणजे सासूबाईंना सर्वांसमोर अडवायचं. आणि तू ताट हातात घेऊन उभी होतीस, बावरलेली, पाय कुठे ठेवावा ते न कळणारी, अगदी मी आले होते तशी. मला ते पाहून बरं वाटलं. हे लिहिताना मला माझीच ओकारी येते, पण बरं वाटलं होतं. या घरात पहिल्यांदाच माझ्याहून खाली कोणी उभं होतं.

सकाळी पिवळा तळाशी आडवा पडला होता, तोंड उघडं. दगडांवरचं जे काही जिवंत होतं ते सगळं पांढरं, लिबलिबीत होऊन सुटत होतं. पाण्याला असा वास की पाहुण्यांना बाहेर अंगणात चहा द्यावा लागला. निळा भोकात होता. जिवंत. त्याला काही झालं नाही.

तुझे भाऊजी ओरडले, कोणी केलं? सासूबाई लगेच म्हणाल्या, "मैनानं पाहाले पाह्यजे होतं." मला कळलं की आता हे सगळं माझ्यावर येतंय. मी म्हटलं, दुर्गाने मूठभर टाकलं. चिमूट होती, दुर्गा. मी पाहिली होती. मूठ मी केली.

त्यावर सासूबाईंनी काय केलं माहीत आहे? मला स्वतःच्या हाताने चहा करून दिला. लग्न होऊन आले तेव्हापासून पहिल्यांदा. "बस, बेटा, सकाळपासून उभी आहेस." मी बसले आणि प्यायले. साखर जास्त होती. ती अजून जिभेवर आहे, किती चुळा भरल्या तरी जात नाही.

तुला हो म्हण म्हणून लिहिलं तेव्हा मला वाटत होतं की मी तुझ्या सोबतीसाठी लिहिते आहे. तसं नव्हतं. पेला कोणाच्या तरी हातात द्यायचा होता. त्यांना चुलीपुढे आणखी दोन हात हवेत, बाहेरची बाई ठेवली तर ती महिन्यात पळते. मी टिकले म्हणून माझी बहीण टिकेल, एवढाच त्यांचा हिशोब. आणि मी त्यांना साथ देत होते.

परवा अक्रमभाऊ आले. टाकी रिकामी करून धुवायची ठरली. निळ्याला पकडायला त्यांची जाळी घेऊन ते तासभर झटले, तो भोक सोडेना. मग मी सगळे दगड एकेक करून बाहेर काढले, हात कोपरापर्यंत त्या नासक्या पाण्यात. लपायला काही उरलं नाही तेव्हा पदराचं टोक पसरून धरला त्याला, आपण झिंगे धरायचो तसा. पिशवीत टाकला तेव्हा तो कोपऱ्यात जाऊन थरथरत होता. इतका लहान आहे तो. मी अक्रमभाऊंना विचारलं, याचं आता काय करणार? ते म्हणाले, "कोणी नवीन टाकी लावली की तिकडं पहले याच्यालेच सोडू. जहर पचवायची आदत आहे याले."

माझ्याच्याने तिथे उभं राहवलं नाही.

नाही म्हण, दुर्गा. धनराज वाईट नाही. पण तू इथे आलीस तर मी तुला जगू देणार नाही. सासूबाईंचं नंतर, आधी मीच. मला माझा आवाज ऐकू आला त्या दिवशी, तुला आला तसाच. बाबांना सांग की चिमूट होती आणि मूठ मैनाने केली. त्यांनी मान वर करावी.

माझं काय ते मी पाहीन. पत्र वाचून झालं की चुलीत घाल.

मैना


कोसंबी
१० मे २०२५

ती. मैनाबाईस,
दुर्गाचा नमस्कार.

पत्र चुलीत घातलं नाही. बाबांना वाचून दाखवलं. मायलाही. माय म्हणाली, "माशाशिवाय चिंता नाई म्हणत होती मी." आणि उठून गोठ्यात गेली.

बाबांनी त्याच दिवशी नाही कळवलं. अंजनाबाई फोनवर जे बोलल्या ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणाल्या, "मंग मोठीलेबी घेऊन जा." त्यांना वाटलं बाबा घाबरतील. बाबा म्हणाले, "बरं." आणि फोन ठेवला. मग मला म्हणाले की बरं म्हटलं खरं, पण आपण न्यायला गेलो आणि ती आली नाही तर काय? मैना तिथली झाली असेल तर?

मी तुझ्यावर चिडले आहे. अजून आहे. तो वास हातावर आठवला की तुझं तोंड पाहू नये असं वाटतं. हे सांगून ठेवते, म्हणजे नंतर तू म्हणायला नको की दुर्गा गोड बोलली आणि आल्यावर भांडली. भांडणार आहे मी.

आज पहाटे तलाव ओढला. पाणी खाली गेलंय यंदा, जाळं चिखलाने जड येत होतं, सगळ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत काळे. बांधावर पळसाच्या पानांवर ढीग लावले. ठरल्याप्रमाणे मी ढिगांकडे पाठ करून, वडाकडे तोंड करून उभी राहिले. मागून काठीचा आवाज यायचा आणि पंच विचारायचे, "हा कोणाचा?" मी एकेक नाव घेत गेले. मुखरू. नीलाबाई. रुखमा. दुर्गा. सगळं नीट चाललं होतं. मग काठी वाजली आणि पंच म्हणाले, "हा कोणाचा?"

मी म्हटलं, "मैनाचा."

माझी जीभ घसरली नव्हती. मी विचार करून म्हटलं.

कोणीतरी म्हणालं, "ते तं दिल्या घरची आहे वं, दुर्गा." कोणी म्हणालं, पोट्टीचं पह्यलंच वर्ष आहे, चुकली असन, दुसरं नाव घेऊ द्या. मी वळले नाही. वळायचं नसतं. मग बाबांचा आवाज आला, तलावावरचा, फोनवरचा नाही. "नाव घेतलं ना तिनं? मंग ढीग हालत नाई. एक कमी पडन तं माहा वाटा धरू नका."

आणि पंचांनी पुढच्या ढिगावर काठी ठेवली.

तुझ्या वाट्यात एक रोहू आहे, ओंजळभर झिंगे, आणि खाली एक मरळ आलाय. बाबा म्हणाले, त्याला कोणी पाहायला ठेवू नका. कडुनिंबाच्या सावलीत ओल्या पोत्याखाली सगळं ठेवलं आहे.

हे पत्र घेऊन मुखरूभाऊ आताच निघत आहेत. ते तुझ्यासाठी तुमच्या फाटकाशी थांबतील, आत येणार नाहीत. वाटा त्यांच्याजवळ दिलेला नाही, ज्याचा त्याने येऊन उचलायचा असतो. मे महिना आहे. मासळी उद्यापर्यंत वास मारेल, तेव्हा आजच ये.

दुर्गा